नेबखाराचे न उघडलेले मुख

पूर्वी, जेव्हा देवांनी पृथ्वीवरचा आपला वावर नुकताच आवरता घेतला होता आणि वृद्ध सूर्यदेव रा आकाशातल्या नौकेत बसूनच प्रजेकडे पाहत असे, त्या युगात नाईल नदीच्या काठच्या काळ्या मातीच्या देशावर नेबखारा नावाचा राजा राज्य करीत होता. पूर ओसरला की आधी विधवांच्या शेतांच्या सीमा आखायच्या आणि मग मंदिरांच्या, असा त्याचा दंडक होता. साहजिकच मंदिरांना तो आवडत नव्हता. एका मेजवानीत द्राक्षासवाचा पेला ओठांना लावताच तो कोसळला. ‘महाराज ससाण्याचे रूप घेऊन सूर्यलोकी उडाले’ अशी कवने दरबारच्या भाटांनी रचली. महाराज कुठेही उडाले नव्हते. त्यांच्या धाकट्या भावाने, अंखहोराने, त्यांना विष घातले होते. हे साऱ्या राजवाड्याला ठाऊक होते, आणि सारा राजवाडा ती कवने ऐकून माना डोलावीत होता.

त्या देशाचा धर्म असा, की मृताचा देह राळ आणि लवण लावून पट्ट्यांत गुंडाळला, तरी त्याचे मुख विधिपूर्वक उघडावे लागे. आकाशातून पडलेल्या लोखंडाची वाकस, म्हणजे सुताराच्या तासणीसारखे हत्यार, पुरोहिताने ओठांना टेकवली, तरच मृताला परलोकी अन्न चाखता येई आणि मृतांचा अधिपती ओसायरिस याच्या द्वारी स्वतःचे नाव उच्चारता येई. नाव सांगितल्यावाचून ते द्वार उघडत नसे. राजांची मुखे उघडण्याचा अधिकार सेनबी या महापुरोहिताचा होता. बिबट्याचे कातडे पांघरून तो मंत्र म्हणू लागला, की दगडी स्तंभही कान देतात, असे लोक म्हणत. सेनबीलाही ते खरे वाटत असे.

जो अंत्यविधी करवील तोच वारस, हाही तिथला धर्मच. म्हणून अंखहोर स्वतः मंदिरात आला.

“आचार्य, विधी थाटाने झाला पाहिजे. विधीवाचून मुकुट नाही.”

“होईल, महाराज.”

“पण मुख उघडता कामा नये.”

सेनबीला थट्टा वाटली. “मुख न उघडता मुखोद्घाटन! मग मी तिथे उभा राहून काय करू? माशा वारू?”

“मंत्र म्हणा, हातवारे करा, लोकांना रडवा. ते तुम्हाला छान जमते. पण लोखंड ओठांना लागता कामा नये. माझा भाऊ ओसायरिसाच्या न्यायसभेत बोलू लागला, तर पहिला शब्द कोणता उच्चारील, हे मी तुम्हाला सांगायला हवे का?”

सेनबीचा चेहरा उतरला. “महाराज, मलाही एक दिवस तिथे जायचे आहे. सत्यदेवी माआतच्या पिसासमोर माझे हृदय तोलले जाईल. ते गप्प बसणार नाही.”

“बसेल,” अंखहोर म्हणाला, आणि त्याने मूठ उघडली. तळहातावर हिरव्या पाषाणाचा भुंगेरा होता, आणि त्याच्या पोटावर हृदयाला साक्ष देण्याची मनाई करणारा मंत्र कोरलेला होता. शेतकऱ्याच्या हृदयाला त्या सभेत सगळे बोलून टाकावे लागे. श्रीमंताच्या हृदयाला मात्र हे असे कुलूप मिळे. देवाच्या न्यायसभेतही ही सोय होती, आणि ती मंदिराच्याच आवारात विकत मिळत होती! इतका सुबक भुंगेरा सेनबीने कधी पाहिला नव्हता. त्याने तो घेतला.

विधीच्या दिवशी त्याने लोखंडी भासावी म्हणून काजळी फासलेली तांब्याची वाकस उचलली आणि राजाच्या उभ्या केलेल्या देहासमोर ती नुसती हवेत फिरवली. “मी तुझा पुत्र होरस आहे,” ओसायरिसाच्या पुत्राच्या भूमिकेतून त्याचा स्वर घुमला, “तुझे मुख ते माझे मुख. मी ते उघडले आहे.” जनसागर हुंदके देऊ लागला. अंखहोराने डोळे पुसले.

परंतु त्या देशात मंत्राचा शब्द वाऱ्यावर जात नसे. अधिकारी पुरुषाने उच्चारला, की तो घडे. ‘मी ते उघडले आहे’ हे असत्य होते, ते राखेसारखे गळून पडले. ‘तुझे मुख ते माझे मुख’ हे मात्र पूर्ण अधिकाराने उच्चारले गेले होते. ते घडले.

त्याच दुपारी भोजनाला बसलेल्या सेनबीने भाजलेल्या हंसाचा घास तोंडात घातला, तो त्याला राळेची आणि सुती पट्ट्यांची चव लागली. त्याने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. पोट तट्ट भरले, पण भूक हटेना. ती भूक त्याची नव्हतीच. त्याने मान वर केली तेव्हा आवाराच्या भिंतीवर, लख्ख उन्हात, एक पक्षी बसला होता. मृताचा जीव पक्ष्याचे रूप घेतो हे सेनबीनेच कित्येकांना शिकवले होते. या पक्ष्याला नेबखाराचा चेहरा होता, आणि ओल्या मातीच्या दोन कडा दाबून जोडाव्यात तसे त्याचे ओठ एकमेकांत मिटले होते. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो सेनबीच्या ताटाकडे पाहत होता.

तो रोज येऊ लागला.

हंगाम पालटले. एकदा नेबखाराची विधवा राणी हेनुतमेर टोपली घेऊन मंदिरात आली.

“आचार्य, किती वाळलात! देवांनी पगार थांबवला की काय?”

“तपश्चर्या, राणीसाहेब.”

“असेल. ही भाकरी जरा हुंगा. समाधीपुढे ठेवलेल्या अन्नाचा स्वाद मृत खातात आणि उरलेले बेचव अन्न तुम्ही पुरोहित खाता. जन्म त्यावरच गेला तुमचा. ही काल ठेवलेली. हिचा वास जसाच्या तसा आहे. माझा नवरा जेवत नाही. का?”

सत्य घशापर्यंत आले. सेनबीचा हात वस्त्राआड भुंगेऱ्यावर गेला. “मुख उघडले आहे, राणीसाहेब. महाराजांना भूक नसेल.”

“त्यांना? भाजलेल्या कांद्यासाठी सेनापतीला ताटकळत ठेवायचे ते!” ती हसली, आणि ते हसू मध्येच मोडले. टोपली तिथेच ठेवून ती निघून गेली. सेनबीने सारी भाकरी खाल्ली. भिंतीवरचा पक्षी पाहत राहिला.

धान्याने भरलेल्या कोठारांच्या मध्यभागी सेनबी उपासमारीने मेला. अंखहोराने त्याला थाटात निरोप दिला. त्याच्या छातीवर भुंगेरा ठेवला गेला आणि त्याचे मुख खऱ्या लोखंडाने उघडले गेले.

पश्चिमेच्या द्वारी मगरमुखी द्वारपाल उभा होता. “नाव?” तो एका मृताला विचारत होता. मृताच्या मानेच्या शिरा फुगल्या, पण आवाज फुटला नाही. “नाव नाही? हो बाजूला.” तो मृत निमूटपणे बाजूला झाला. तो नेबखारा होता.

सेनबीने खाली पाहिले, आपले नाव सांगितले आणि तो आत गेला. कोल्हामुखी अनुबिसाने त्याचे हृदय तराजूत ठेवले. खाली दोषी हृदये गिळणारी अम्मित ही भक्षिका जबडा वासून बसली होती. हृदय तडफडले, भुंगेऱ्याने ते घट्ट धरले, पारडी समान राहिली.

“हृदय काही बोलत नाही,” देवांचा लेखक थोथ म्हणाला. “निर्दोष. जा.”

समोर अक्षय शेते होती, जवाच्या कणसांवरून वारा येत होता. सेनबीने एक पाऊल टाकले, आणि पोटात ती भूक उठली. इथेही! मग ती कधीच शमणार नव्हती. कारण दाराशी उभा असलेला तो कधीच जेवणार नव्हता. सेनबी वळला, त्याने भुंगेरा उपटून फरशीवर आपटला आणि मुख उघडले. त्यातून स्वर निघाला तो नेबखाराचा.

अंखहोराची भीती खोटी ठरली. राजाच्या पहिल्या वाक्यात खुन्याचे नाव नव्हते. “हेनुतमेर,” तो स्वर म्हणाला, “मला भूक लागली आहे ग.” मग राजाने आपले नाव सांगितले, आणि द्वार उघडले.

“हे मुख कोणी बंद ठेवले?” ओसायरिसाने विचारले.

“मी,” सेनबी स्वतःच्या आवाजात म्हणाला. “आज्ञा अंखहोराची. पण हात माझा.”

अम्मित उठली. ओसायरिसाने दंड आडवा धरला. “ज्याने दुसऱ्याचे मुख मिटवले, त्या अंखहोराचे मुख यापुढे मिटणार नाही. आणि सेनबी, तुझे मुख आता तुझे राहिले नाही, म्हणून भक्षिकेलाही ते देता येत नाही. या द्वाराशी उभा राहा. ज्यांचे मुख कोणी उघडले नाही, त्यांना ते दे. प्रत्येकाची भूकही तुझीच.”

तेव्हापासून नदीच्या पश्चिम तीरावर अंखहोराचा पाषाणपुतळा सूर्य उगवताच विव्हळतो. पुजाऱ्यांनी त्याचे तोंड गिलाव्याने कितीदा बुजवले आणि कितीदा ते फुटले. आणि तेव्हापासून, ज्यांना पुरोहित परवडत नाही, खाणीत चिरडलेले, नदीत बुडालेले, त्यांना वाळूत पुरताना त्यांच्या बायका कानाशी वाकून सांगतात, “दाराशी एक हाडकुळा माणूस उभा असेल. त्याला घाबरू नकोस. आधी पोटभर भूक सांग, मग नाव.”