पडद्याआडची गादी

फार पूर्वी शूर्पारक नगरात राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व चंदनाच्या एका व्यापारी घराण्यात धाकटा नातू म्हणून जन्मला. त्याचे नाव विजित. पेढी थोरला भाऊ भद्रिक चालवी. निदान त्याला तसे वाटे. खरी पेढी चालवत होते आजोबा कालक, आणि ते वारून बरीच वर्षे झाली होती.

कालक गेले तेव्हा गिऱ्हाइकांचा विश्वास उडू नये म्हणून घरच्यांनी ती गोष्ट दडवली. तर्पण केले नाही. कोणी मोठ्याने रडलेसुद्धा नाही. त्यांची गादी पडद्याआड तशीच राहिली, आणि व्यापाराचे काहीही विचारले की आतून उत्तर येई. गादीवर बसल्याचा खळगा रोज ताजा दिसे. घरच्यांना याची सवय झाली होती, आणि मला विचाराल तर भीती वाटावी ती त्या सवयीचीच.

त्या वर्षी बंदरात दूरदेशीची गलबते येऊ लागली. विजित म्हणाला, "दादा, चंदन आता समुद्रानं पाठवू. आपल्या वाळवंटाच्या वाटेवरच्या विहिरी आटल्यात, तिकडून आलेले गाडीवान सांगतात."

भद्रिकने पडद्याला विचारले.

"जुन्याच वाटेनं जा," आवाज आला. "विहिरी तुडुंब आहेत."

झाले. गाड्यांवरचे पाण्याचे रांजण उतरवून तिथे चंदन भरले गेले. भद्रिक स्वतः तांड्याबरोबर जाणार होता; बैलांचा कासरा धरून तो दारात उभा होता. तो परत येणार नाही हे विजितला स्पष्ट दिसत होते. तो पडद्यासमोर जाऊन बसला.

"आजोबा, दारात काय दिसतं तुम्हाला?"

"चिंच. विजितची आजी सावलीत बसलीय."

चिंच कधीच तोडली होती. आजीही राहिली नव्हती. भद्रिकच्या हातातला कासरा गळून पडला.

"आणि मी?"

"तू कोण रे? आमचा विजित तर पाळण्यात झोपलाय."

विजितला रडू कोसळले. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही वारलात. आम्ही तुम्हाला सांगितलंच नाही."



"असं होय," आवाज अगदी बारीक झाला होता. "म्हणून मला कोणी पाणी देत नव्हतं."

विजितने उतरवलेल्या रांजणातले पाणी ओंजळीत घेतले आणि आजोबांचे नाव घेऊन सोडले. भद्रिकनेही सोडले. गादीवरचा खळगा सर्वांच्या देखत हळूहळू भरून आला. मग भद्रिकने बैल बंदराकडे वळवले.

पूर्वजन्मीची ही गोष्ट एवढी सांगून शास्ते, म्हणजे भगवान, समोरच्या सभेला म्हणाले, "तेव्हाचा भद्रिक म्हणजे वडिलांना विचारल्याशिवाय पाऊल न उचलणारा हा समोर बसलेला उपासक पुण्णक. कालक म्हणजे भिक्खूंच्या रांगेच्या टोकाला बसलेले वृद्ध भिक्खू उत्तिय. आणि विजित मीच होतो. घर जे बोलायला धजत नाही ते मायेने बोलणे, ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."

उत्तियांनी शेजारचे पात्र उचलले आणि त्यातले पाणी शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकले.