हरणी पिकपची कुंडली

“मग अस्सल किती राहिलंय हिच्यात?” दस्तगीर उस्तादनं विचारलं.

गाडीखालनं नुसते पाय दिसत हुते. श्रेणिकचे.

“शंभरात अकरा,” पाय बोलले.

उस्ताद हसला. मी बी हसलो. माझी पंक्चरची टपरी समोर हाय, पर ती नावाला. बूड माझं सगळा जलम उस्तादच्या गॅरेजात.

श्रेणिक बाहेर आला. बारा वर्सं उस्तादच्या हाताखाली शिकला, मग पुण्याला गेला. आता जुन्या गाड्यांच्या कुंडल्या मांडतो. गाडी कवा जन्मली, कुणाकडं राबली, कुठला पार्ट मूळचा, कुठला मागनं घातलेला... समदं कागदावर. डोक्याला बत्ती, गळ्यात भिंग, खिशात लोहचुंबक. डागदर बी एवढं घेऊन फिरत न्हाई.

गाडी म्हंजे आमच्या मिरजेतल्या गुरपादाप्पाची पिकप. लढाईतली. मिल्ट्रीनं लिलावात काढली, गुरपादानं घेतली, हरणी नाव ठेवलं. आता तीस-बत्तीस वर्सं शेडात उभी हुती. दोन म्हैन्यामागं हितं ढकलत आणली.

कागदावर दोन रकाने. अस्सल. बदली. मला आकडे कळतात, अक्षरं न्हाई. पर कुठला रकाना लांब हुता ते दिसत हुतं.

“इंजिन बदली,” श्रेणिक वाचाया लागला. “गिअरबॉक्स बदली. डावा दरवाजा अस्सल, उजवा दुसऱ्या गाडीचा. मागचा हौदा सागवानी होता, आता बाभळीचा...”

“आन ह्ये?” मी बॉनेटमधल्या एका वाटोळ्या पत्र्यावर बोट ठेवलं. “लई जुनं दिसतंय.”

त्यानं भिंग बी लावलं न्हाई.

“हे कालचं आहे. कल्लाप्पा मामा, तुमच्या पंक्चर चिकटवायच्या सुलेशनच्या डब्याचं झाकण.”

चार दिस मिठाच्या पाण्यात घालून गंजवलं हुतं वो मी त्ये!

“राबली कुठं, ते सांग,” उस्ताद म्हणाला.

श्रेणिकनं अंगठा थुंकीनं ओला करून पत्र्यावर घासला. “खाली मिलिट्रीचा हिरवा, वर निळा. हौद्याच्या फटीत हळदीची पूड आहे, म्हणजे सांगलीच्या पेठेत हळद वाहिली. मग दूध. कॅनच्या बुडाची वर्तुळं उठलीत. आणि ड्रायव्हरच्या बाजूचा स्प्रिंगचा पाटा जास्त दबलाय. ड्रायव्हर चांगला जाडजूड असणार.”

गुरपाद शंभर किलोचा गडी! जेवताना भाकरी मोजायची न्हाई असं त्याच्या घरात ठरलेलं.

“वा,” उस्ताद म्हणाला.

उस्ताद वर्सातनं एकदा वा म्हणतो.

श्रेणिकची नजर भिंतीवर गेली. तिथं खुंटीला कानसळई. हातभर लांब लोखंडी सळई, एका टोकाला लाकडी गोळा. टोक इंजिनवर टेकवायचं, गोळा कानाला. उस्ताद तिच्यातनं इंजिनचं दुखणं ऐकतो. त्याच्या उस्तादनं त्याला दिलेली. आन उस्ताद बोलून बसलेला... या हरणीचा जन्म जो मला सांगंल, सळई त्याची. चौघं येऊन गेले. पाचवा ह्यो. त्याच्यामागनं येणारा कोण न्हाई.

“जन्म राहिला, बेटा.”

“एका मिनिटाचं काम, उस्ताद.”

इंजिनच्या मागच्या पत्र्यावर कंपनीची पाटी असती. तिच्यावर नंबर. पर हरणीच्या पाटीवर बोटभर जाड काळी-तांबडी खपली बसलेली. नंबर पार बुजलेला.

“घाण साचलीय,” श्रेणिक म्हणाला आन त्यानं पत्ती काढली.

“घाण?”

“तेल, धूळ. खरवडली की नंबर. नंबरावरनं साल.”

“मग खरवड.”

त्यानं एकच ओरखडा मारला. खपलीचा तुकडा सुटला. तो खाली पडलाच न्हाई. उस्तादचा तळवा आधीच तिथं हुता.

“भिंग लाव,” उस्तादनं तुकडा आडवा धरला. “तुटलेली कड बघ. मोज.”

“काय मोजू?”

“दिसंल त्ये.”

“काळा थर... तांबडा... काळा... तांबडा...” श्रेणिक भराभर म्हणत हुता. मग हळू झाला.

...

“उस्ताद, हे कुंकू आहे.”

“खंडेनवमीला गाडी धुवायची, टिळा लावायचा. लोक बंपरला लावत्यात. गुरपाद म्हणायचा, हिचं कपाळ आत हाय. एक टिळा, त्यावर वर्साचं तेल. परत टिळा. खालनं मोज.”

श्रेणिक मोजाया लागला. गॅरेजात नुसता त्याचा आवाज. तेरा... चौदा...

“पंधरावा वेगळा आहे. विटकरी.”

उस्तादनं नखानं एक कण काढला. जिभंवर ठेवला. दातात धरला. मला करकर ऐकू आली.

“कुंकू न्हाई ह्ये,” उस्ताद म्हणाला. “वीट हाय. वाटलेली.”

माझी बिडी इझली.

त्या साली मी अठराचा हुतो. गुरपादानं मला कुंकू आणाया धाडलं. मी वाटंत कुस्त्या बघत बसलो, दुकान बंद. मग गल्लीत वीट फोडली, कुटली, पुडीत बांधली. साठ वर्सं होत आली. मला ठावं आन त्या विटंला. गुरपाद मरंपातूर त्याला कळलं न्हाई.

“कल्लू,” उस्तादनं मान बी वळवली न्हाई, “त्या साली कुंकू आणाया कोण गेलं हुतं रं?”

“याद न्हाई बा,” मी म्हणालो.

“वीट बारीक तरी वाटायची.”

जलमभर मी दुसऱ्याची टोपी उडवली, आन माझी ह्या गाडीच्या कपाळावर डकवून ठेवलेली.

“पुढं मोज, बेटा.”

“तीस. मग इथं तांबडा नाहीच. काळा दुप्पट जाड आहे.”

“त्या साली टिळा लागला न्हाई.”

“आणि त्याच्यावर... पांढरे. एक, दोन... नऊ पांढरे.”



“विभूती,” उस्ताद म्हणाला. “गुरपाद गेला. त्याच्या बायकूनं, निलव्वानं, ड्रायव्हर ठेवला, गाडी चालू ठेवली. कुंकवाला तिचा हात जाईना. पर टिळा चुकवला न्हाई.”

“सगळ्यात वरचा पुन्हा तांबडा आहे, उस्ताद. एकच.”

“सून आली घरात.”

श्रेणिकनं भिंग डोळ्यावरनं काढलं. पाटीवर जिथनं तुकडा निघाला तिथं पितळ चमकत हुतं. चार आन सात, दोन आकडे मला बी वाचता आले. बाकीचे खपलीखाली. अजून एक ओरखडा, की नंबर. नंबर, की सळई.

पत्ती त्याच्या हातात हुती.

“थांबलास का?” उस्ताद म्हणाला. “एका मिनिटाचं काम.”

...

श्रेणिकनं पत्ती खाली ठेवली. तुकडा दोन बोटात धरून परत पाटीवर बसवून बघाया लागला. बसंना.

“मामा, सुलेशन आहे?”

मस्करी जिभंवर आली हुती. गिळली. डबा दिला. बिनझाकणाचा.

तुकडा चिकटला. कडंला ओरखडा तसाच राहिला, पांढरा, बोटभर.

उस्तादनं कागद त्याच्याफुडं केला. “ह्यो तुझा ओरखडा. कुठल्या रकान्यात घालतोस?”

श्रेणिकनं पेन उघडलं. अस्सलवर नेलं. बदलीवर नेलं. मग टोपण लावलं.

“मला नाही सांगता येत. नंबरही नाही वाचला. जन्म राहिला, उस्ताद... मी हरलो.”

उस्ताद गुडघ्यावर हात देऊन उठला. खुंटीवरनं सळई काढली. टोक हरणीच्या कपाळावर टेकवलं, गोळा श्रेणिकच्या कानाला लावला आन आपला हात काढून घेतला.

“उस्ताद, इंजिन बंद आहे.”

“हं.”

“बॅटरीसुद्धा नाही.”

“हं.”

मला वाटलं, म्हातारा मस्करीत माझ्या बी वर गेला. हसाया तोंड उघडलं. मग श्रेणिककडं बघितलं, आन मिटलं.

त्यो डोळे मिटून उभा हुता. श्वास बी जपून घेत हुता.

रस्त्यावरनं एक ट्रॅक्टर गेला. श्रेणिकनं दुसऱ्या कानावर हात ठेवला.

लई येळानं, डोळे न उघडता, त्यो म्हणाला, “सळई... परत कधी आणून देऊ?”

“ऐकू यायचं बंद झालं, की.”