खंड्याची जीभ

जनावरं बोलायची तेव्हाची गोष्ट. वैशाखात, भर दुपारी नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला निघाला. घोड्याचं नाव पाखऱ्या. त्याचा दोस्त खंड्या कुत्राही सोबत निघाला.

"ये, पण जीभ आत ठेव," पाखऱ्या म्हणाला. "चारचौघांत बरं दिसत नाही."

खंड्याने तोंड मिटलं.

पाखऱ्या घामाने निथळला, वाऱ्याने निवला. खंड्याच्या अंगाला घाम फुटेना. देवळाच्या पायरीशी तो कोसळला.

"अरे, जीभ तरी बाहेर काढायचीस!"

"तूच नको म्हणालास ना," खंड्या पुटपुटला. मग तो हललाच नाही.

आपलं अख्खं अंग करतं ते काम खंड्याची जीभ एकटी करत होती, हे पाखऱ्याला तेव्हा कळलं. इतक्यात वाजंत्री सुरू झाली आणि नवरदेवाने लगाम ओढला.