जिथे काहीच हलत नाही

"...आणि जिथे जमीन हलतच नाही, तिथे?" नागनाथबुवांनी विचारलं.

हेरंब मनातून वैतागला. हिमालयाच्या कुशीतल्या या मठात तो दीक्षा घ्यायला आला होता, भूकंपाचे धडे द्यायला नव्हे. ते त्याने नोकरीत जन्मभर दिले होते. भगवी छाटी बुवांच्या मांडीवर होती, आणि बुवा आपले नसत्या चौकशा करत बसले होते.

या मठाचा एक दंडक होता. घरच्या माणसाने येऊन "आमची ना नाही" म्हटल्याशिवाय छाटी मिळत नसे. त्यासाठी धाकटा भाऊ वासुदेव थेट चिपळुणाहून आला होता. तो बाहेर ओसरीवर खांबाला टेकून, आत पाठ करून बसला होता.

"पृथ्वीचं कवच अखंड नाही, महाराज. त्याचे तुकडे आहेत, आणि ते सरकतात. नखं वाढतात ना, तितकं हळू. कुठे ते लांब जातात, कुठे एकमेकांना घासतात. इथे एक दुसऱ्याखाली घुसतोय, म्हणून हे डोंगर."

"बरं."

"पण कधीकधी कडा अडकतात. मागून रेटा चालूच राहतो, कडा मात्र जागच्या हलत नाहीत."

"मग वर काय दिसतं?"

"काहीच नाही. सगळं शांत. लोक खुशाल घरं बांधतात." हेरंब हसला. "कळत नाही त्यांना, सगळ्यात मोठा हादरा तिथेच बसणार."

बुवांनी मान डोलावली.

"भावाशी भांडण आहे?"

"छे. आई गेली, घराच्या वाटण्या झाल्या, तेव्हापासून चकार शब्द नाही आमच्यात. मी ते कधीच सोडून दिलं. अगदी शांत आहे मी."

ओसरीवर वासुदेव खोकला. आईसारखाच, कोरडा.

हेरंबचे दात आवळले गेले. त्याला त्या खोकल्याचा राग आला, आणि राग आल्याची भीती वाटली.

"महाराज... मुहूर्त टळेल."

बुवांनी छाटीची घडी काखेत मारली. आसन उचललं आणि पार पलीकडच्या भिंतीपाशी नेऊन अंथरलं. दीक्षेसाठी जमलेले शिष्य एकमेकांकडे बघू लागले.

"माझं काही चुकलं का?"

बुवा दाराकडे वळले आणि ओसरीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"वासुदेवराव, त्या खांबाला टेकू नका. तुमचा भाऊ शांत आहे म्हणतोय."