दुपारभर मेलेले काका

एकदा एक म्हातारा सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मेला. स्वतः सांगून मेला. हातातला चहाचा कप संपवला, खुर्चीत मागे टेकला आणि आपल्या शिष्येला म्हणाला, "शाल्मली, आता मी मेलो. पाच वाजेपर्यंत मला हाक मारायची नाही. मारलीस तरी मी ओ देणार नाही."

आणि डोळे मिटले की हो!

आता हे म्हातारबुवा म्हणजे उकिडवे काका. नदीकाठच्या एका गावात डायलिसिसचं एक रुग्णालय होतं, तिथला सर्व्हर काकांनी तीस वर्षं सांभाळलेला. सर्व्हर म्हणजे सगळ्या पेशंटांच्या फायली ज्याच्या पोटात असतात तो मोठा कॉम्प्युटर. कुणाच्या अंगातलं किती पाणी काढायचं, कुणाला कुठलं औषध चालत नाही, सगळं त्यातच. शुक्रवारी काका निवृत्त होणार होते आणि शनिवारपासून ही सगळी जबाबदारी एकट्या शाल्मलीच्या डोक्यावर येणार होती. तीनशे बारा पेशंट. एखाद्याची फाईल उघडली नाही तर काय होईल, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दरवर्षी तिथे एक सराव व्हायचा. खरा सर्व्हर बुडाला असं धरायचं आणि त्याची साठवलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर उभी करून बघायची. आजवर ती शेजारच्याच जुळ्या यंत्रावर उभी राहायची. त्याच कंपनीचं, त्याच खोलीत ठेवलेलं. वीस मिनिटांत हिरवी खूण, टाळ्या, पेढे! या वर्षी मात्र काका अडून बसले.

"पूर आला तर जुळं भावंडही त्याच पाण्यात जाणार ना गं? मग मिळेल त्या परक्या यंत्रावर ही प्रत उभी करावी लागेल. तळघरात ते बंद पडलेल्या कॉलेजातून आलेलं जुनं धूड आहे, या वर्षीचा सराव त्याच्यावर कर."

"काका, ते वेगळ्याच कंपनीचं आहे! त्याचं काहीच जुळत नाही."

"म्हणून तर. आणि एक लक्षात ठेव, बाहेरच्या नेटवर्कची वायर अजिबात लावू नकोस. त्यातला सर्व्हर उठला की त्याला वाटणार, आपणच खरे. वर खरा चालू आहे. दोघांची गाठ पडू द्यायची नाही."

एवढं बोलून काका तळघरात खुर्ची टाकून बसले, चहा संपवला आणि मेले.

तळघरात खिडकी नव्हती. एसीची घरघर, ते काळं धूड, आणि पाच फुटांवर डोळे मिटून बसलेले काका. शाल्मलीने आधी हसून घेतलं. "काय नाटकी माणूस आहे!" मग कामाला लागली.

पहिला तास नुसता काळा पडदा. प्रत पूर्ण उतरली होती, पण ती आली होती परक्या अंगात. जुना मेंदू आपले नेहमीचे हातपाय शोधत होता आणि ते तिथे नव्हतेच. शाल्मलीने काकांची जाड वही उघडली आणि शोधशोध करून या यंत्राचे तुकडे एकेक करून त्याच्या ओळखीचे करून दिले. जेवायलाही उठली नाही. सव्वातीनला धूड गुरगुरलं आणि पडदा उजळला.

"काका! उठलं!" ती ओरडली.

काका हलले नाहीत.

आणि तेवढ्यात त्या यंत्राच्या पोटातून एक बाई बोलली. "सदाशिव म्हेत्रे. खोली क्रमांक दोन."

शाल्मलीच्या अंगावर सर्रकन काटा आला. प्रत होती गेल्या गुरुवारी सकाळची. यंत्र जागं झालं होतं ते गुरुवारच्याच सकाळी. बाहेर माणसं बसली आहेत असं समजून त्याने नावं पुकारायला सुरुवात केली होती. म्हेत्रे आजोबा तर शनिवारी गेले होते. ती स्वतः त्यांच्या घरी जाऊन आली होती.

"सदाशिव म्हेत्रे. खोली क्रमांक दोन." दुसरी हाक. आवाज अगदी गोड. कुठे घाई नाही.

"काका, हे बंद कसं करू? काका?"

"सदाशिव म्हेत्रे. खोली क्रमांक दोन."

तीन हाका झाल्या, आणि बाई शांतपणे पुढच्या नावाकडे गेली.

शाल्मलीने फाईल उघडायला घेतली. एकदा फाईल उघडली की सराव पुरा, मग वर उजेडात पळायचं! पडद्यावर चौकोन आला, पासवर्ड द्या. हा चौकोन तिने आयुष्यात पाहिला नव्हता. नेहमीच्या यंत्राला आपलं घर ओळखीचं होतं, त्यामुळे ते कधी विचारतच नव्हतं. परक्या अंगात आल्यावर पहिल्यांदा विचारलं. तिने वहीत पाहिलं. काकांच्या सुरेख अक्षरात एकच ओळ होती. 'फायलींचे कुलूप नेहमीप्रमाणे उघडावे.'

"नेहमीप्रमाणे म्हणजे?" तिने ती ओळ मोठ्याने वाचली. "काका, नेहमीप्रमाणे म्हणजे काय? अहो, पासवर्ड सांगा ना!"

काकांचा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता. तिने धरला. एसीमुळे असेल, पण गार होता. छाती हलतेय की नाही, कळेना. "काका, आता पुरे हं. काका!" मागून ती बाई अजून नावं पुकारत होती आणि इथे शाल्मली. दोघींना कुणीच ओ देत नव्हतं. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

पाच वाजता काकांनी डोळे उघडले. पाहिलं तर त्यांचेही ओलेच.

"मेले असते ना मी भीतीने!" ती ओरडली. "नापास झाले मी. फाईल नाही उघडली."

"तू कशाने? परक्या देहात जीव आणलास तू. अडलं ते माझ्यापाशी." काका सावकाश बोलत होते. "परकायाप्रवेश करणारा योगी जाताना आपला देह शिष्यांच्या हवाली करतो ना, तसा हा देह मी तीस वर्षं निगुतीने राखला. मंत्र मात्र कुणाला दिलाच नाही. आणि वाईट याचं वाटतं, पोरी, की मला वाटत होतं, दिलाय. सगळं लिहून ठेवलंय. तू ती ओळ वाचलीस ना, तेव्हा शब्द अगदी ओठापर्यंत आला होता."

"मग सांगायचा ना!"

"मेलेला सांगतो का? सांगितला असता तर आज तू पास झाली असतीस. आणि शनिवारी पूर आला असता तर?"

 शाल्मलीने उठून ते धूड बंद केलं. बाई एका नावाच्या मध्येच थांबली.

मग पासवर्ड आधी लिहून घेतला. त्यानंतर तिने वहीचं पहिलं पान उघडलं. 'नेहमीप्रमाणे' तिथेही होतंच. तिने त्याच्याखाली रेघ मारली. "हे कसं करायचं, काका?"

काकांनी सांगायला तोंड उघडलं. पण त्यांना शब्दच सापडेना. शेवटी ते कीबोर्डपाशी जाऊन बसले, बोटं आपोआप चालू लागली, आणि शाल्मली त्या बोटांकडे बघत एकेक ओळ लिहून घेऊ लागली. शुक्रवारपर्यंत त्यांनी तशी एकोणीस पानं केली.

आपल्याही घरात, ऑफिसात असं कुणीतरी असतंच, ज्याला सगळं 'नेहमीचं' माहीत असतं. ते माणूस ओ देतंय तोवर विचारून घ्यावं.