मिठीची घडी

"बाबा, उघडल्याशिवाय बाजूला ठेवताच येणार नाही, अशी एखादी घडी असते का?"

दस्तगीरबाबांनी हातोडी थांबवली नाही. लोखंडी साच्यावर टोला मारला, साचा उचलला आणि कागदात पडलेल्या फुलाची एक अडकलेली पाकळी नखाने मोकळी केली.

"कुणी ठेवलं बाजूला?"

"कुणी नाही. सहज विचारते."

"सहज विचाराय भर उन्हाचं इचलकरंजीस्नं आलीस व्हय?"

 हेमांगीने पर्समधून फोन काढला, वेळ पाहिली. अडीच वाजून गेले होते. फोन परत आत टाकला आणि लगेच पुन्हा काढला.

कृष्णाकाठच्या कुरुंदवाडात, दर्ग्याच्या भिंतीला लागून बाबांची ही एकच खोली. दस्तगीर मुजावर म्हणजे मोहरमच्या ताबुतांना कागदी नक्षी करणारा माणूस. वय अठ्ठ्याहत्तर. मी शिकवतो, असं ते कधी म्हणाले नाहीत. कुणी आलंच तर म्हणत, "बस आन् बघ." बसणारे पुष्कळ येत. बघणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघत.

हेमांगी बघणाऱ्यांतली होती. कागद कुठल्या बाजूने राजीखुशीने दुमडतो आणि कुठल्या बाजूने रुसतो, हे ती इथेच शिकली. तीन वर्षं शिकली आणि मग तिने कापायचं हातमशीन घेतलं, शुभेच्छापत्रं करू लागली. पुण्या-पणजीच्या प्रदर्शनांत तिच्या टेबलाभोवती गर्दी होऊ लागली. अंगी थोडा ताठा आला. येणारच. कला अंगात शिरते तेव्हा तो तिचं बोट धरूनच येतो.

बाबांचा एक नियम मात्र तिने केव्हाच सोडून दिला होता. नवी वस्तू झाली की ती दुसऱ्या कुणाकडून तरी उघडून घ्यायची. बाबा म्हणत, "आपलं काम आपल्या हाताला उघडतंयच. त्यात काय नवल?" हेमांगीला ते पटेना. लोकांच्या हातांना घाम असतो, हळद असते. पांढऱ्या कागदाला डाग पडले तर?

"दाखव," बाबा म्हणाले.

"काय?"

"पिशवीत हाय ते. मघापास्नं तिला पोटाशी धरून बसलीयास."

तिने पुठ्ठ्याचं पाकीट काढलं, त्यातून बटरपेपर, त्यातून कार्ड. मोतिया रंगाचं, वितीहून थोडं मोठं. चारी बाजूंनी कागदी पट्टा, पट्ट्यावर मोगऱ्याची कापलेली फुलं.

"अठरा घड्या आहेत, बाबा. गोंदाचा एक थेंब नाही. आत आमचं विट्यातलं घर उभं राहतं. ओसरी, पायऱ्या, दार. दार उघडं ठेवलंय."

"आन् हा पट्टा?"

"ती माझी मिठी."

हे नाव तिनेच दिलं होतं. पट्ट्याच्या डावी-उजवीकडे कागदाच्या दोन छोट्या जिभल्या. त्या पट्ट्याखालून एकमेकींत अशा गुंतलेल्या की दोन्ही एकदम दाबल्या तरच पट्टा सुटायचा. एकच दाबली तर दुसरी आणखी घट्ट धरायची. ही घडी तिच्याशिवाय कुणाला जमत नसे, आणि ते ती चारचौघांत सांगतही असे.

बाबांनी कार्ड उजेडाकडे धरलं. उघडलं नाही.

"कुणासाठी?"

"आप्पांसाठी. माझे वडील."

बाबांनी मान वर केली. तीन वर्षं ही पोरगी या चटईवर बसली होती. एकदाही तिच्या तोंडून वडिलांचा शब्द निघाला नव्हता.

"परवा, रविवारी, त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतात," ती घाईने म्हणाली. "आज चारच्या आत कुरियरला टाकलं तरच उद्या पोचतं. म्हणून विचारते. काही बदल करायचा असेल तर आत्ताच सांगा. उशीर नको."

"तू का जात न्हाईस?"

"नाही जमायचं."

"का?"

खोलीत पंखा नव्हता. तिने कपाळावरचा घाम पुसला.   

"सहा वर्षांपूर्वी शाळेतली नोकरी सोडली मी. आप्पा हेडमास्तर होते. म्हणाले, कागद कापत बसण्यासाठी शिकवलं का तुला? मी म्हणाले, तुमच्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

"आन् ठेवलं न्हाईस."

"ते पण बोलावत नाहीत. आम्ही दोघं सारखेच, बाबा. आप्पा मोडतील पण वाकणार नाहीत. चष्मा हरवला तरी घरभर चाचपडत स्वतः शोधतील. कुणाला 'जरा बघ रे' म्हणायचे नाहीत."

"...मग आता कार्ड कशापायी?"

तिने बटरपेपर मांडीवर घेऊन त्याची घडी घातली. 

"भाद्रपदात त्यांना झटका आला. वाचले. दादाने फोनवर सांगितलं. मी रडले, पण गेले नाही. पाय उचलेना. दिवाळीला कार्ड पाठवलं, हीच मिठी घातलेलं. पहिलंच. पंधरा दिवस राबले होते त्याच्यावर."

"मग?"

"मग काय. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही."

आता मात्र बाबांनी हातोडी बाजूला ठेवली.

"दादाला विचारलं मी," हेमांगी सांगू लागली. एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "तो म्हणाला, पाकीट फाडलेलं आहे, आत कार्ड मिटलेलंच. आप्पांच्या उशाच्या फळीवर पडलंय. वर म्हणतो, कोपरा पार कुरतडलाय, उंदीर लागला वाटतं. उंदीर, बाबा. माझ्या कार्डाला उंदीर लागेपर्यंत त्यांनी ते तसंच टाकून दिलं. हेही तसंच टाकून दिलं तर? पंचाहत्तर वर्षांचं माणूस, त्यात हे दुखणं. पुढच्या वाढदिवसाचं कुणी सांगावं. त्यांनी एकदा उघडायला पाहिजे. फक्त एकदा. त्यात मी लिहिलंय की..."



बाबांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. बाहेर दर्ग्याच्या अंगणात कुणीतरी खराट्याने निंबाचा पाला लोटत होतं.

"उंदीर..." ते स्वतःशीच म्हणाले.

मग विचारलं, "झटका कुठल्या अंगाला?"

"उजव्या. हात अजून उचलत नाही, दादा म्हणतो."

"तू बघितलास त्यो हात?"

"...नाही."

बाबांनी खांद्यावरचा रुमाल काढला.

"हात कर इकडं. उजवा."

हेमांगीला वाटलं, दुवा देणार असतील, काही पुटपुटून फुंकर घालतील. दर्ग्यावर येणाऱ्यांना ते कधीमधी देत तसा गंडादोरा बांधतील. तिचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पण त्या दुपारी तिने कशावरही ठेवला असता. तिने हात पुढे केला.

बाबांनी तिचं मनगट खिडकीच्या गजाला बांधलं. चांगली पक्की गाठ मारली. कार्ड तिच्या पुढ्यात चटईवर ठेवलं.

"उघड."

"बाबा, चार वाजता..."

"उघड म्हणतोय न्हवं."

तिला थोडं हसूच आलं. म्हातारपणी माणसं लहरी होतात. स्वतःच्या हातची घडी, ती काय उघडायची? तिने डाव्या हाताच्या अंगठ्याने एक जिभली दाबली. दुसरी आवळली. तिने दुसरी दाबली. पहिली आवळली.

अंगठा इकडे आणि मधलं बोट तिकडे ताणून पाहिलं. पोचेना. दोन बोटं पोचू नयेत एवढं अंतर तिनेच पट्टीने मोजून ठेवलं होतं.

कार्ड चटईवरून सरकायला लागलं. तिने ते भिंतीला टेकवलं, तरी निसटलं. गुडघ्यांत धरलं तर मधोमध वाकलं. छातीशी दाबून हनुवटीने धरून पाहिलं. मोगऱ्याची दोन फुलं चुरगळली.

"बाबा, सोडा ना. खराब होतंय."

बाबा बघत बसले होते.

आता तिला राग आला. आपण केलेली वस्तू आपल्याला दाद देत नाही म्हणजे काय? तिने कार्ड उचललं, एक कोपरा दातांत पकडला, मान तिरकी केली आणि पट्टा जोराने ओढला.

पट्टा सुटला नाही. दात मात्र घसरले.

तिने कार्ड खाली ठेवलं. मोतिया कोपरा ओला झाला होता, पिंजला होता. त्यावर बारीक खाचांची एक ओळ उमटली होती. कुणालाही वाटलं असतं, उंदीर लागला.

हेमांगी त्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

डोळ्यांपुढे विट्याची ती खोली आली. दादा कामावर गेलेला. वहिनी स्वयंपाकघरात. खाटेवर आप्पा, मांडीवर कार्ड. सगळ्या शाळेला धाकात ठेवणारा तो हात शेजारी निपचित पडलेला. कार्ड गुडघ्यांत धरून बघताहेत, उशीला टेकवून बघताहेत. हाक मारली असती तर वहिनी धावत आली असती. आप्पा हाक मारणार नाहीत. दाराकडे एकदा बघून त्यांनी कार्ड दातांत धरलं असेल.

आणि मग, जमत नाही म्हटल्यावर, उशाशी ठेवलं असेल. फेकलं नाही. उशाशी ठेवलं. दादाने फोनवर तेवढंही सांगितलं होतं. तिने ऐकलं फक्त उंदराचं.

"मी त्यांना दगड म्हणत होते, बाबा," ती म्हणाली. "पाच महिने. रोज."



तिला रडू फुटलं. लाज वाटली, आप्पांची कीव आली, आणि दोन्हींपेक्षा जास्त भीती वाटली. पाच महिने ते कार्ड त्यांच्या उशाशी होतं. मुलीने आपल्याला उघडता येऊ नये असंच मुद्दाम काही पाठवलं, असं तर त्यांना वाटलं नसेल? असं वाटलेलं घेऊनच ते गेले तर?

डाव्या हाताने तिने डोळे पुसले. मग झटकन फोन पाहिला. तीन वाजून दहा मिनिटं.

"सोडा मला, बाबा. लवकर सोडा. होईल अजून. दोन्ही जिभल्या कापून टाकते. पट्टाच काढते. नुसती रिबीन लावते, एका बोटाने ओढली की उघडेल अशी. अर्ध्या तासात करते. कोपरा गोल कापते, दिसणार नाही. चारच्या आत पोचेन मी, इथल्याच कुरियरवाल्याकडे टाकते..."

बोलता बोलताच तिने बाबांच्या पाटावरचं पातं डाव्या हाताने उचललं होतं. ते पहिल्या जिभलीवर टेकवलंही.

बाबांनी ते तिच्या बोटांतून काढून घेतलं. साच्यांच्या डब्यात टाकलं आणि डब्याला झाकण लावलं.

"बाबा, चार वाजता बंद होतं ते."

"हुईना का."

"अहो, पण मग रविवारी त्यांच्या हातात काय पडणार? आणि हे असंच पाठवलं तर उघडणार कसं? तुम्हीच दाखवलंत ना आत्ता. एका हाताने नाही उघडत हे."

बाबांनी गजाची गाठ सोडली. रुमाल झटकून खांद्यावर टाकला. कार्ड उचललं, चावलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, कागद जमेल तेवढा सपाट केला. तिचे दोन्ही हात ओढून घेतले आणि त्यांवर कार्ड ठेवलं.

"मग मी हे कापू नको?" हेमांगीने विचारलं.

"नगं कापू. दोन हात लागू देत त्येला. एक त्येंचा, एक तुझा."