पिंगलाच्या गाडीचे मोल

पूर्वी गोदेकाठच्या प्रतिष्ठान नगरीत अरिंदम राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व तिथल्या बाजारात पारखी होते. जुन्या वस्तूची जी किंमत ते सांगत, ती देणारा-घेणारा दोघेही मान्य करीत.

एके दिवशी पिंगल नावाचा म्हातारा गाडीवान आपली छपराची गाडी घेऊन आला. गाडी कसली, घरच ते. आत निजायला फळी, कोपऱ्यात चूल, वर बांबूचे छप्पर. तांड्याबरोबर फिरत पिंगलाने आणि त्याची बायको नंदा हिने सारा संसार तिच्यातच केला. आता नंदा राहिली नव्हती. गाडी विकून पिंगल लेकीच्या गावी जाणार होता.

घेणारा होता धनक, नुकतेच लग्न झालेला; बायकोही सोबत होती. बायकोचे दागिने मोडून आलेले चाळीस कार्षापण, एवढीच त्याची पुंजी. पिंगल ऐंशी मागत होता. गाडी मिळाली नाही तर धनकाचा तांडा चुकणार होता.

बोधिसत्त्व आत चढले आणि थबकलेच. आईबाप गेल्यावर नंदानेच त्यांना या गाडीत वाढवले होते. याच चुलीपुढे बसून त्यांनी तिच्या हातची गरम भाकरी खाल्ली होती. ऐंशी म्हणून मोकळे व्हावे, विचारणार कोण, असेही मनात येऊन गेले.

मग त्यांनी बांबू चाचपले. अर्धे छप्पर धुराने काळेकुट्ट होते, अर्धे घासून लख्ख केलेले. गाडी नवी दिसावी म्हणून पिंगलानेच ते गेल्या वर्षी घासले होते. काळे बांबू ठणठणीत होते. घासलेल्यांना कीड लागून भुसा गळत होता.

"तीस," बोधिसत्त्व म्हणाले.

पिंगलाचा चेहरा उतरला. "तिच्या हातचं खाल्लंस ना रे? त्याची तरी चाड ठेवायचीस."

"खाल्लंय काका, म्हणून तर खोटं बोलवत नाही. काकूच्या धुरानं अर्धं छप्पर राखलं, ते मी किमतीत धरलंय. उरलेलं या पोरांना नव्यानं बांधावं लागेल. आणि तुमचा संसार काही यांना मिळणार नाही. मग त्याचे पैसे यांनी का द्यावेत?"

पिंगलाने तीस कार्षापण मोजून घेतले. मग धनकाच्या बायकोला जवळ बोलावून चूल दाखवू लागला. "रोज पेटव गं पोरी. छप्पर काळं झालं तर होऊ दे. मी घासलं, तिथं चुकलो."

आपल्या मागच्या जन्माची ही कथा सांगून शास्ते भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा पिंगल तो आजचा माझा शिष्य आनंद. धनक आणि त्याची बायको म्हणजे समोर बसलेली ही उपासक जोडी. पारखी मीच होतो."

"आणि नंदा, भन्ते?" एका भिक्खूने विचारले.

शास्ते म्हणाले, "मला या जन्मीही जिने वाढवले, ती महाप्रजापती. तिची आठवण मनात दाटून आली असतानाही त्या दिवशी तराजू हलला नाही. समभावाच्या या परिपूर्णतेलाच उपेक्षा पारमिता म्हणतात."